चौतीस कला

अण्णा गेल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक उघडायला मला दोन वर्षं लागली. आत काय आहे ते ठाऊक होतं, म्हणूनच हात धजत नव्हता. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सातारा-सांगली पट्ट्यातल्या कितीतरी गावांचे बांध त्यांनी पायांखालून घातले. ट्रंकेत टिपणवह्या होत्या, पितळी ओळंबा होता, लांबट डबीतलं होकायंत्र होतं आणि तळाशी, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ती लाकडी पट्टी. दोन्ही टोकांना उभी राहणारी पितळी पाती, एका पात्यात बारीक फट, दुसऱ्यात ताणून बसवलेली तार. फटीतून तारेवर, तारेवरून लांबच्या निशाणावर नेम धरायचा आणि टेबलावरच्या कागदावर रेघ ओढायची. लहानपणी सुट्टीत मी अण्णांबरोबर शिवारात जायचे, तेव्हा ते मला एकदा तरी त्या फटीतून बघू देत. तारेमागे आंब्याचं झाड यायचं आणि सगळं जग त्या एका झाडापुरतं सरळ व्हायचं.

या पट्टीला अण्णा ‘अ‍ॅलिडेड’ म्हणत. मी तो इंग्रजी शब्द समजत होते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवूनही तो मुळात कुठला, हे कधी शोधलं नव्हतं. तो अरबी आहे: अल्-इदादा. तारकांची उंची मोजायच्या अ‍ॅस्ट्रोलेबच्या पाठीवर जी फिरती, नेम धरायची पट्टी असते तिचं हे नाव. स्पेनमधून ते लॅटिनमध्ये गेलं, तिथून युरोपच्या भाषांत, आणि साहेबाच्या मोजणी खात्याबरोबर फिरत फिरत आमच्या घरच्या ट्रंकेत येऊन बसलं. अण्णांच्या कामातले हद्द, नकाशा, तालुका, मौजे हेही सगळे अरबी शब्द. पण ते मला माहीत होते. पट्टीने मात्र मला चकित केलं, आणि तिचा माग काढता काढता मी अल्बेरुनीपाशी पोचले.

शाळेच्या इतिहासात अल्बेरुनी एका ओळीत येतो. गझनीच्या मेहमूदाबरोबर आलेला, भारतावर पुस्तक लिहिणारा प्रवासी, एवढंच. मीही विद्यार्थी म्हणून तेवढंच पाठ केलं होतं. तो गणिती होता, आणि पृथ्वी मोजणाऱ्यांतला एक फार मोठा माणूस होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं याची खंत वाटते.

त्याची मला सगळ्यात आधी भेटलेली गोष्ट १४ ऑक्टोबर १०१८ ची आहे. काबूलजवळच्या एका खेड्यात तो अडकून पडला होता. आदल्याच वर्षी मेहमूदाने त्याचा देश, ख्वारिझम, जिंकला आणि दरबारातल्या विद्वानांना गझनीला नेलं. त्यांत हाही होता. पंचेचाळीस वर्षांचा, घर सुटलेला, जवळ एकही उपकरण नसलेला. आपली अवस्था किती वाईट आहे हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. आणि लगेच पुढे लिहिलं आहे की, त्याने हिशेब करायच्या पाटीच्या मागच्या बाजूवर वर्तुळाचा कंस आखला, त्याचे भाग पाडले, दोऱ्याला वजन बांधून ओळंबा केला, आणि त्यावर सूर्याची उंची घेऊन त्या जागेचा अक्षांश काढला.

हे वाचलं त्या रात्री मी ट्रंकेतला ओळंबा बाहेर काढून दिव्याखाली टांगून ठेवला. तो हलायचा थांबेपर्यंत बघत बसले. कैद्यासारखा नेलेला माणूस पाटी उलटी करतो आणि मी आत्ता पृथ्वीवर नेमका कुठे आहे, हे मोजतो. मला त्यात धीर दिसला. अण्णा आजारी असताना अंथरुणाला खिळले होते, तेव्हा खिडकीतून भिंतीवर येणाऱ्या उन्हाच्या कवडशापाशी पेन्सिलीने रोज खूण करायला मला सांगायचे. त्या खुणा पुसायची माझी अजून हिंमत नाही.

अल्बेरुनीचा जन्म सप्टेंबर ९७३ मध्ये काथ या गावचा. अरल समुद्राच्या दक्षिणेला, आजच्या उझबेकिस्तानात ते येतं. मोजण्याचं वेड अगदी तरुणपणापासून. २४ मे ९९७ ला चंद्रग्रहण होतं. त्याने आधीच बगदादला असलेल्या अबुल-वफा या थोर गणितज्ञाशी ठरवून ठेवलं होतं की, तुम्ही तिथून बघा, मी काथमधून बघतो. चंद्रावर सावली पडण्याचा क्षण सगळ्या जगाला एकच असतो, स्थानिक वेळ मात्र जागोजागी वेगळी. दोघांनी आपापल्या वेळा नोंदल्या, फरक सुमारे एका तासाचा आला, आणि पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते त्या हिशेबाने दोन शहरांमधलं रेखांशाचं अंतर हाती आलं. ना तार, ना चांगलं घड्याळ. तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता. मी हे वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

आता मुद्द्याच्या डोंगराकडे येते. पाकिस्तानातल्या पंजाबात, झेलम जिल्ह्यात, मिठाच्या डोंगररांगेच्या टोकाला नंदना नावाचा किल्ला आहे. काबूल-पंजाबवर राज्य करणाऱ्या हिंदू शाही राजांकडून तो मेहमूदाने जिंकून घेतला होता. त्या किल्ल्याजवळ एक डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी दूरवर सपाट पसरलेलं मैदान, हे बघून अल्बेरुनीला पृथ्वीची त्रिज्या मोजायची इच्छा झाली.

त्याच्या दोनशे वर्षं आधी बगदादच्या खलिफा अल्-मामूनने हेच काम माणसं चालवून करवून घेतलं होतं. सिंजारच्या सपाट माळावर एक तुकडी उत्तरेकडे निघाली, एक दक्षिणेकडे. ध्रुवाची उंची एका अंशाने बदलेपर्यंत दोर टाकत जायचं आणि अंतर मोजायचं. एका अंशाला ५६ पूर्णांक दोन तृतीयांश अरबी मैल, असं उत्तर निघालं. अल्बेरुनीने लिहिलं की, वाळवंटात पायपीट न करता हे काढायची दुसरीही वाट आहे.

ती वाट अशी. आधी डोंगराची उंची काढायची. मैदानात एका रेषेत दोन जागी उभं राहून शिखराचे कोन घ्यायचे, दोन जागांमधलं अंतर मोजायचं, की उंची निघते. त्याची उंची आली ६५२ हातांहून किंचित जास्त. मग शिखरावर चढायचं आणि क्षितिजाकडे बघायचं. पृथ्वी सपाट असती तर क्षितिज डोळ्यांच्या बरोबर समोर, ओळंब्याशी काटकोनात दिसलं असतं. ती गोल आहे म्हणून ते जरासं खाली झुकलेलं दिसतं. हा झुकाव त्याने मोजला: ३४ कला. एका अंशाच्या साठ कला, म्हणजे जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. उन्हात हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या रुंदीच्या निम्म्याएवढा कोन. शिखरावरून क्षितिजाला जाणारी नजरेची रेषा पृथ्वीला स्पर्शिका असते, स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या तिला काटकोन करते, आणि झालेल्या काटकोन त्रिकोणात हा झुकाव पृथ्वीच्या केंद्रापाशी जसाच्या तसा उतरतो. मग त्रिज्या अधिक उंची या बेरजेला त्या कोनाच्या कोटिज्येने, म्हणजे कोसाइनने, गुणलं की त्रिज्या येते. दहावीच्या मुलाला येणारं गणित आहे. पण एका टेकाडावर उभं राहून, अर्ध्या अंशातून, पायांखालचा सगळा गोल हाताशी येतो, हे सुचायला अल्बेरुनी लागला.

मागच्या डिसेंबरात मी हे करून बघितलं. भाचा सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतो. त्याने ओळखीतून थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, आणलं आणि आम्ही दापोली तालुक्यातल्या एका सड्यावर, कातळाच्या पठारावर, गेलो, जिथून खाली सरळ समुद्र दिसतो. उंची अल्बेरुनीच्याच पद्धतीने काढली. पुळणीवर दोन जागी यंत्र लावलं, सड्याच्या कडेचा एक पांढरा दगड धरून कोन घेतले. भरतीच्या पाण्याची पातळी कुठली धरायची यावर आमचा अर्धा तास वाद झाला. शेवटी १२० मीटर धरले. मग वर चढून क्षितिजावर नेम धरला. दुपारचं ऊन, समुद्रावर धुरकट पट्टा, क्षितिजाची रेघ कधी दिसे कधी विरघळे. पाच-सहा वेळा वाचन घेतलं. कधी १८ कला, कधी २०. सरासरी १९ धरून हिशेब केला, तर पृथ्वीची त्रिज्या सुमारे ७८५० किलोमीटर आली. खरी आहे ६३७१.

भाचा हिरमुसला. मला मात्र त्या चुकीनेच जास्त शिकवलं. पाण्यालगतची हवा जास्त दाट असते, त्यामुळे क्षितिजाकडून येणारा प्रकाश वाकून येतो आणि क्षितिज आहे त्याहून वर उचललेलं दिसतं. झुकाव कमी भरतो, पृथ्वी मोठी निघते. शिवाय आमच्या उंचीवर एका कलेची चूक म्हणजे त्रिज्येत सातआठशे किलोमीटरचा फरक. अल्बेरुनीचा डोंगर उंच होता, त्यामुळे त्याला सूट जास्त होती. तरी त्याच्या ३४ मध्ये एक कला इकडची तिकडे झाली तर त्रिज्या सहा टक्क्यांनी हलते. आणि त्याच्यासमोर समुद्रही नव्हता, पंजाबचं धुळीचं मैदान होतं.

म्हणून मोबाईलवर फिरणारा तो मजकूर, ‘अल्बेरुनीने हजार वर्षांपूर्वी पृथ्वीची त्रिज्या ९९ टक्क्यांहून अचूक काढली’, मला खटकतो. त्याचा ‘हात’ किती सेंटिमीटरचा धरायचा यावरच अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. हवा तो हात घेतला की हवी ती अचूकता मिळते. हे कौतुक करणाऱ्यांचं प्रेम मला कळतं. पण त्याने स्वतः काय लिहिलं ते त्याहून मोठं आहे. आपलं उत्तर मामूनच्या मोजणीदारांच्या उत्तराच्या जवळ आलं हे सांगून त्याने पुढे त्यांचाच आकडा वापरला, कारण त्यांची उपकरणं जास्त बारीक होती आणि त्यांनी कष्ट जास्त घेतले होते. स्वतःची इतकी सुंदर युक्ती हाती असताना! टिपणवहीत जुन्या मोजणीदाराच्या आकड्याशेजारी स्वतःचा आकडा लिहून ‘जुने टिपण ग्राह्य’ असा शेरा मारणारे अण्णा मला आठवले. असे शेरे त्यांच्या वह्यांत बरेच आहेत.

अण्णांच्या कामातली आणखी एक रीत इथे सांगायला हवी. हद्दीची मोजणी असली की लगतच्या कब्जेदारांना आधी नोटीस जाते. मोजणी एकाच्या अर्जावरून होते, पण बांध दोघांचा असतो. लगतवाला हजर नसेल तरी कायद्याने काम करता येतं. अण्णा मात्र कासावीस व्हायचे. त्याच्या घरी माणूस पाठवायचे, तासभर थांबायचे, चिडलेल्या अर्जदाराला चहा पाजून शांत ठेवायचे. “त्याच्या तोंडून त्याची हद्द ऐकू दे, मग मी माझी रेघ ओढतो,” हे त्यांचं वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं होतं. भांडणं होत, शिव्यागाळ होई, कोणी कोणी दगड घेऊन उभं राही. अण्णा दोघांचंही म्हणणं लिहून घेत.

अल्बेरुनीचं भारतावरचं पुस्तक मी वाचायला घेतलं ते एडवर्ड साखाऊ या जर्मन पंडिताने १८८८ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादातून. ऐंशी प्रकरणं. पहिल्या काही पानांतच मला अण्णांचा आवाज ऐकू आला. तो म्हणतो की, हे वादाचं पुस्तक नाही. हिंदूंचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत मांडणार, मग ते आमच्या धर्माच्या कितीही विरुद्ध जावो. त्यासाठी तो संस्कृत शिकला, उतारवयात. एकाच वस्तूला इतकी नावं आणि सगळं शास्त्र पद्यात, याने तो जेरीस आला होता. नकलाकारांच्या हलगर्जीपणाने आकडे बिघडतात म्हणून तो हळहळतो. पतंजलीचा योगावरचा ग्रंथ त्याने अरबीत नेला, सांख्याचाही एक ग्रंथ नेला. आणि उलट दिशेनेही काम चालवलं. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा ग्रीक खगोलग्रंथ इथल्या पंडितांसाठी संस्कृतात आणायचं, अ‍ॅस्ट्रोलेब कसा करायचा ते त्यांना सांगून लिहवून घ्यायचं. म्हणजे त्या अल्-इदादाची गोष्ट तो तेव्हाच या मातीत सांगत होता. सुरुवातीला मी त्यांच्यापुढे शिष्यासारखा बसायचो, असं तो लिहितो. पुढे त्याचं गणित पाहून पंडित विचारू लागले की, तू हे कोणत्या हिंदू गुरूकडे शिकलास? त्याला ते समुद्र म्हणू लागले.

त्याला इथलं सगळं आवडलं असं अजिबात नाही. आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखं शास्त्र नाही असं इथले लोक मानतात, याबद्दल त्याने फटकारलं आहे. इथल्या ग्रंथांत मोती आणि शेण एकत्र पडलेलं असतं, असंही म्हटलं आहे. वाचताना मला राग आला, हे कबूल करते. मग त्याच पानांवर तो वराहमिहिराचा श्लोक पुढे ठेवतो: ‘म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्। ऋषिवत् तेऽपि पूज्यन्ते’. यवन म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट प्रस्थापित आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजनीय. तुमचेच पूर्वज असे होते, हे तो इथल्या लोकांना त्यांच्याच श्लोकातून दाखवतो. मी तो श्लोक वहीत उतरवून घेतला.

आणि मग मेहमूद. आमच्या घरातल्याच एका वडीलधाऱ्याने मला विचारलं होतं की, ज्याच्या धन्याने सोमनाथ फोडलं त्याचं तू कौतुक कशाला करतेस? प्रश्न रास्त आहे, त्याला फाटे फोडून उत्तर देऊ नये. म्हणून मी अल्बेरुनीनेच काय लिहिलं ते सांगते. त्याने लिहिलं की, मेहमूदाने या देशाची भरभराट पार उद्ध्वस्त केली, हिंदू धुळीच्या कणांसारखे दशदिशांना विखुरले गेले, आणि त्यामुळेच त्यांची शास्त्रं आम्ही जिंकलेल्या मुलखातून निघून काश्मीर, वाराणसी अशा आमचा हात पोचत नाही तिथे गेली. ‘आम्ही’ हा शब्द त्याचाच. पुस्तक १०३० मध्ये पुरं झालं, मेहमूद त्याच वर्षी मेला. त्याचा मुलगा गादीवर होता आणि अल्बेरुनी त्याच गझनीत राहत होता. ज्या नंदनाच्या डोंगरावरून त्याने पृथ्वी मोजली तो किल्ला ज्या शाही राजांकडून हिरावला गेला, त्यांच्याबद्दल त्याने लिहिलं की, ते घराणं आता संपलं, पण वैभवात असतानाही त्यांनी चांगलं आणि न्याय्य करण्याची ओढ कधी सोडली नाही, ते उदात्त मनाचे लोक होते. जेत्याच्या छावणीत बसून जितांचा असा लेख लिहिणारा दुसरा कोणी त्या काळात मला तरी भेटलेला नाही.

सगळ्यात जास्त मी थांबले ती ब्रह्मगुप्ताच्या उताऱ्यापाशी. ब्रह्मगुप्ताला ग्रहणाचं खरं कारण पक्कं ठाऊक होतं, छाया कशी पडते याचं गणितही त्याने केलं. तरी राहूची गोष्ट नाकारणाऱ्यांवर तो धर्माच्या नावाने टीका करतो. अल्बेरुनी त्यावर संतापतो. हे सद्सद्विवेकाविरुद्धचं पाप आहे, म्हणतो. आणि मग त्याचा स्वर एकदम उतरतो. तो म्हणतो की, कदाचित सॉक्रेटिसावर आला तसा काही प्रसंग या माणसावर आला असावा, एवढी विद्या आणि एवढी तीक्ष्ण बुद्धी असताना. ग्रंथ लिहिला तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता, हेही तो आवर्जून सांगतो. चारशे वर्षांपूर्वीच्या, परक्या धर्माच्या एका गणितज्ञाच्या भीतीची त्याने केलेली ही कल्पना. सुलतानाच्या दरबारात रोज शब्द तोलून बोलणाऱ्यालाच ती सुचू शकते, असं मला वाटतं.

या पुस्तकात आपणही आहोत. धारहून दक्षिणेकडे जाणारे रस्ते सांगताना तो लिहितो: नमिय्याचं खोरं, मग १८ फरसखांवर (फरसख हे अंतराचं फारसी माप) ‘मऱ्हट्ट देश’, मग २५ फरसखांवर कोकण आणि समुद्रकाठची त्याची राजधानी ‘ताना’. हे आपलं ठाणं. तो इथवर आला नव्हता, हे त्याने व्यापाऱ्यांकडून, प्रवाशांकडून गोळा केलं. पण ज्ञानेश्वरांच्या अडीचशे वर्षं आधी, गझनीत बसून, एक माणूस ‘मऱ्हट्ट देश’ असं अरबी लिपीत लिहीत होता, हे वाचताना अंगावर काटा आला.

मी निवृत्त झाले तेव्हा दहावीला त्रिकोणमिती शिकवायचे. ‘साइन’ हा शब्द कुठून आला, हे मुलांना सांगायला मला आता वर्गच नाही, म्हणून इथे सांगते. आपल्याकडे धनुष्याची दोरी ती ज्या, म्हणून वर्तुळाच्या कंसाची दोरीही ज्या. आठव्या शतकात ब्रह्मगुप्ताच्या परंपरेचं ज्योतिष बगदादला खलिफा अल्-मन्सूरच्या दरबारी पोचलं तेव्हा ‘ज्या’, ‘जीवा’ यांचं अरबीत ‘जीब’ झालं. अरबीत स्वर लिहायची सवय नाही, नुसतं ज आणि ब. पुढच्या लोकांनी ते ‘जैब’ वाचलं. जैब म्हणजे कपड्याची घडी, उराशी असलेली खोळ, हिंदीतलं जेब. बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकांनी जैबचं भाषांतर केलं ‘सायनस’, वक्र खोळ. त्याचं साइन. धनुष्याच्या दोरीचा असा खिसा झाला. आणि खिसा हा आपला रोजचा शब्दही फारसी-अरबीतूनच आलेला.

बीजगणिताचं ‘अल्जिब्रा’ हे नाव ज्याच्या पुस्तकावरून पडलं तो अल्-ख्वारिझमीही नावाप्रमाणे अल्बेरुनीच्याच मुलखाचा, दीडशे-दोनशे वर्षं आधीचा. ‘अल्-जब्र’ म्हणजे मोडलेलं पुन्हा जागेवर बसवणं, हाडवैद्य हाड बसवतो तसं. समीकरणाच्या एका बाजूला वजा झालेलं पद दुसऱ्या बाजूला अधिक करून बसवायचं. मला त्याच्या प्रस्तावनेतलं कारण आवडतं. हे गणित लोकांना वारसा, वाटण्या, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालवे खणताना उपयोगी पडावं म्हणून त्याने लिहिलं. पुस्तकाचा मोठा भाग वारसांच्या वाटण्यांनीच भरला आहे. अण्णांना हे सांगायचं राहिलं. भावाभावांतली पोटहिस्स्याची फाळणी करून रात्री दमून घरी आल्यावर त्यांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

वाटणीवरूनच अल्बेरुनीच्या शेवटाची एक गोष्ट याकूत या तेराव्या शतकातल्या चरित्रकाराने सांगितली आहे. तो अखेरच्या घटका मोजत असताना एक कायदेपंडित मित्र भेटायला आला. अल्बेरुनीने त्याला विचारलं की, आजीच्या वारसाहक्काचा तो हिशेब तू मला एकदा सांगणार होतास, तो काय होता? मित्र म्हणाला, या अवस्थेत? तो म्हणाला, न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेलं बरं. मित्राने समजावलं, त्याने ते पुन्हा म्हणून दाखवलं. मित्र रस्त्यापर्यंत पोचतो तोच घरातून रडण्याचा आवाज आला.

युक्लिडचं त्याने केलेलं संस्कृत काही उरलं नाही. ते काम पुरं झालं सातशे वर्षांनी, सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाच्या हातून. त्याने नसीरुद्दीन तूसीच्या अरबी प्रतीवरून युक्लिड संस्कृतात आणला आणि ग्रंथाला नाव दिलं ‘रेखागणित’. मधल्या काळात चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळातल्या शिलालेखात ज्याचं कुळ कोरलेलं आहे, त्या भास्कराचार्यांची ‘लीलावती’ १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने फारसीत नेली होती. पाटणला मी दोनदा गेले आहे. १२०७ मध्ये भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याचा तो लेख. हात फिरवला तर अक्षरं बोटांना लागतात.

एक गोष्ट मात्र मला अल्बेरुनीशी भांडून सांगायची आहे. त्याची मातृभाषा ख्वारिझमी. त्याने सगळं लेखन अरबीत केलं, थोडंसं फारसीत. म्हातारपणी औषधींवर लिहिताना तो म्हणाला की, माझ्या मातृभाषेत शास्त्र सांगणं म्हणजे पन्हाळीवर उंट चढवण्यासारखं विचित्र दिसेल. ती भाषा आज मेली आहे. कोणीही ती बोलत नाही. ज्याने परक्यांची भाषा शिकायला एवढे कष्ट घेतले त्याने आपल्या आईच्या भाषेत एक पान तरी लिहायला हवं होतं. कला, विकला, ज्या, ओळंबा, पुळण, सडा हे शब्द लिहिताना मला त्या न लिहिलेल्या पानाचं वाईट वाटत राहतं.

या डिसेंबरात भाच्याबरोबर परत सड्यावर जायचं ठरलं आहे. या खेपेला पहाटे, हवा गार आणि स्वच्छ असताना, आणि ओहोटीची वेळ आधी बघून. प्रकाशाच्या वाकण्याची दुरुस्ती कशी लावायची, ते त्याने पुस्तकातून काढून ठेवलं आहे. अण्णांच्या एका टिपणवहीत शेवटची बारा पानं कोरी आहेत. मागच्या वेळचं वाचन मी त्यांतल्या पहिल्या पानावर लिहिलं, ते त्यांच्याच पद्धतीने, वर तारीख, खाली हवा, उंची, कोन, हजर असलेल्यांची नावं. ‘पद्धत’ या रकान्यात लिहिलं: अल्बेरुनी, मुक्काम नंदना. शेरा अजून लिहिलेला नाही.